नवीन पोरगी कुणाशी बोलतच नाही, काय करावं?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या वेळेस पत्रं आणि मेसेज मिळून जो ढीग आला त्यात चार-पाच जणांनी वेगवेगळ्या टोकाने एकच गोष्ट विचारलीय, प्लेसमेंटच्या ऑफिसात नवीन माणूस आलं की त्याची ओळख कशी करून घ्यायची. हा विषय मला फार जवळचा आहे कारण २२ वर्षं मी सोलापुरात हेच काम केलंय, लोकांना कामाला लावायचं, आणि एवढ्या वर्षांत माझ्या ऑफिसात जी पोरं-पोरी आली आणि गेली त्यातल्या काहींना मी नीट ओळखलंच नाही, ही गोष्ट मला अजून टोचते. त्यामुळे पहिलं उत्तर लांबलंय, पण ते तेवढं लागतंच.

प्रश्न : ताई नमस्कार. सात रस्त्याजवळ माझी छोटी प्लेसमेंट एजन्सी आहे, मला धरून पाच जण. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या कंपन्यांना आम्ही ऑपरेटर, हेल्पर, अकाउंटंट, सुपरवायझर असे लोक देतो. दीड महिन्यापूर्वी एक मुलगी घेतली, २६ वर्षांची, पुण्यात तीन वर्षं आयटीचं रिक्रूटमेंट केलेली. वडिलांची तब्येत बिघडली म्हणून घरी परत आली. पहिल्या दिवशी आम्ही केक आणला, सगळ्यांसमोर तिला उभं करून ‘स्वतःबद्दल सांग’ म्हणालो, टीममधल्यांनी पण लग्न, पुणं का सोडलं वगैरे मोकळेपणाने विचारलं. पण तेव्हापासून ती गप्पच. हेडफोन लावून बसते, डबा जागेवरच खाते. बाकीचे म्हणायलेत की शिष्ट आहे. तिने लाइनअप केलेल्या, म्हणजे इंटरव्ह्यूला पाठवायला ठरवलेल्या, दोन बॅचमधले बरेच कॅन्डिडेट आलेच नाहीत त्यामुळे त्यांना बोलायला अजून कारण मिळालं. मला ती सोडून जाईल अशी भीती वाटते. तिच्याशी ओळख वाढवायची कशी?
एक वाचक, सोलापूर

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेस ‘स्वतःबद्दल सांग’ या शब्दांपाशी अडकले. अहो ती पोरगी तीन वर्षं रोज तीस-चाळीस माणसांना फोनवर हेच वाक्य म्हणत आलीय. हे वाक्य ऐकलं की माणूस काय करतो हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? माणूस सावरून बसतो, शर्ट नीट करतो आणि नाव, शिक्षण, अनुभव एवढं सांगून गप्प होतो. तिने तेच केलं. तुम्ही केक आणलात तो प्रेमाने आणलात यात मला काडीची शंका नाही पण त्या दिवशी तिचा इंटरव्ह्यूच झाला बघा, नोकरी लागल्यानंतरचा दुसरा इंटरव्ह्यू, आणि त्यात पॅनेलवर चार जण.

आणि ‘पुणं का सोडलं’ हा प्रश्न. आपल्या गावात तो किती बोचतो हे जरा समजून घ्या. सोलापूरची पोरं शिकली की सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला जातात, घरोघरी हेच आहे, गल्लीत एक तरी घर असं दाखवा की ज्याचं पोरगं हिंजवडी नाहीतर हडपसरला नाही. त्यामुळे जो परत येतो त्याच्याकडे लोक असं बघतात की याचं तिथं काहीतरी बिनसलं. तिला हा प्रश्न दूधवाल्याने विचारला असेल, मावशीने विचारला असेल, देवळात विचारला असेल, आणि ऑफिसात पहिल्याच दिवशी चौघांसमोर परत तोच. वडिलांच्या आजारपणाचं तुम्हाला माहितीय, टीमला माहितीय की नाही ते तुम्ही लिहिलं नाही. नसेल तर तुम्ही सांगू नका. चांगल्या हेतूने सुद्धा नको. ते तिचं आहे, तिला वाटेल तेव्हा ती सांगेल.

डब्याचं म्हणाल तर, दुपारच्या वेळेत ती घरी फोन करत असेल, वडिलांनी गोळ्या घेतल्या का, जेवले का, हे विचारायला तिला तेवढा अर्धा तासच मिळत असेल. मी नक्की असंच आहे म्हणत नाही, पण ज्या घरात आजारी माणूस आहे त्या घरातल्या माणसाचा दुपारचा डबा असाच असतो, एका हातात चपाती आणि एका हातात फोन. तिला एकत्र जेवायला बोलवून बोलवून अवघडून टाकू नका. चारच्या चहाला बोलवा. चहा पाच मिनिटांत संपतो, नको वाटलं तर उठता येतं.

आता त्या लाइनअपचं. यात चूक तिची कमी आणि आपली जास्त आहे असं मी स्पष्ट म्हणेन. पुण्यातलं आयटीचं काम वेगळं असतं. तिथं पोर्टलवर सर्च मारायचा, मेल टाकायची, कॅन्डिडेटचा नोटीस पिरियड साठ-नव्वद दिवसांचा, तोवर त्याला गरम ठेवायचं, त्याच्या हातात तीन ऑफर असतात. इंटरव्ह्यूची लिंक पाठवली की माणूस घरून जॉइन होतो. आपल्याकडे अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेलच्या पॅकिंगला ज्या बाई पाहिजेत त्यांचा नंबर पोराच्या मोबाइलचा असतो, पोरगं कॉलेजला गेलं की फोन पण गेला. त्या बाईंना लोकेशन पाठवून काय उपयोग? त्यांना अमुक चौकात उतरा, उजव्या हाताला पाण्याची टाकी दिसेल, गेटवर अमक्याचं नाव सांगा, असं सांगावं लागतं, आदल्या संध्याकाळी एकदा आणि सकाळी परत एकदा. हे तिला कुणी सांगितलं का? मला वाटतं तुम्ही तिला ‘अनुभवी’ म्हणून घेतलं आणि अनुभवी माणसाला शिकवायचं नसतं असं धरून चाललात.

माझ्या ऑफिसातली एक गोष्ट सांगते. माझ्याकडे एक जुनं लांब रजिस्टर होतं, लाल कापडी पाठीचं, किराणा दुकानात उधारीला वापरतात तसलं. त्यात मी फक्त गळालेले लोक लिहायची. जे इंटरव्ह्यूला आलेच नाहीत, जॉइन होऊन तिसऱ्या दिवशी पळाले, ऑफर घेऊन फोन बंद केला, असे. तारीख, नाव, कंपनी आणि शेवटच्या रकान्यात कारण. कारणं जी कळली ती, नाहीतर ‘फोन उचलला नाही’. काही ठिकाणी कारणाच्या जागी माझीच चूक लिहिलेली, ‘मी शिफ्टची वेळ चुकीची सांगितली’, ‘मी पगार नीट विचारला नव्हता’. अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यातून एक पोरगा माझ्याकडे लागला, वीस-एकवीसचा, तो पण असाच गप्प, मॅडम मॅडम एवढंच. दोन दिवस मी त्याला खूप विचारलं, घरी कोण कोण, शेती किती, भाऊ काय करतो, आणि तो एकेका शब्दात उत्तर द्यायचा. तिसऱ्या दिवशी मला बँकेत जायचं होतं म्हणून मी त्याच्यासमोर ते रजिस्टर टाकलं आणि म्हटलं, हे वाच.

मी परत आले तर तो एका पानावर बोट ठेवून बसलेला. म्हणाला, मॅडम, ‘फोन उचलला नाही’ असं लिहिलंय ना, यातले निम्मे एसटी स्टँडवर बसलेले असतील. मी म्हटलं म्हणजे? मग त्याने सांगितलं. त्याला चिंचोळीत एका कंपनीत इंटरव्ह्यू होता, गावाहून सोलापूरला एक एसटी आणि सोलापूरहून पुढे दुसरी. घरातून मिळालेले पैसे एका बाजूच्या तिकिटालाच पुरणार होते, परत कसं जायचं म्हणून तो पुढच्या बसमध्ये चढलाच नाही. फोन वाजत होता तो बघत बसला, उचलून सांगायचं काय? संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसला आणि घरी जाऊन इंटरव्ह्यू चांगला झाला म्हणून सांगितलं. हे सगळं तो न थांबता बोलला, दहा मिनिटं, आणि त्यात त्याचं घर, वडील, भाऊ, सगळं येऊन गेलं, जे मी दोन दिवस विचारून काढू शकले नव्हते. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात आदल्या संध्याकाळच्या कॉलमध्ये एक प्रश्न वाढला, ‘यायजायच्या भाड्याचं बघितलं का?’ आणि लांबच्या पोरांना आम्ही एकाच दिवशी एकत्र बोलवायला लागलो, म्हणजे एकाने दुसऱ्याला सांभाळून आणलं.

मला तुम्हाला एवढंच सांगायचंय दादा, की त्याच्यासमोर मी माझ्या चुका टाकल्या म्हणून तो बोलला. तुम्ही तिच्याकडून माहिती मागताय, देत काहीच नाही. तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसा, आठ दिवस, रोज एक तास. तुम्ही कॉल लावा, तिला ऐकू दे, तुमचे पण कॅन्डिडेट तिच्यासमोर नाही म्हणू देत. मग तिला लावू दे आणि तुम्ही ऐका, मध्ये बोलू नका. एखाद्या मावशीला ती तिसऱ्यांदा पत्ता समजावून सांगते तेव्हा तिचा आवाज चढतो का तसाच राहतो, यातून ती तुम्हाला जेवढी कळेल तेवढी केकच्या पार्टीत कळणार नाही. आणि तिला येतं ते तिच्याकडून शिका. पोर्टलवर नेमका सर्च कसा मारायचा, ऑफर दिलेला माणूस जॉइन होईपर्यंत तुटू नये म्हणून कधी कधी फोन करायचा, हे आपल्याकडे भल्याभल्यांना जमत नाही. बाकीच्या तिघांना तिच्याकडून शिकायला बसवा, ‘शिष्ट’ शब्द आपोआप बंद होईल. आणि तोवर कुणी तुमच्याकडे येऊन तसं म्हणालं तर ऐकून घेऊ नका. मालक ऐकून घेतो म्हटल्यावर तो शब्द पक्का होतो.

प्रश्न : ताई, माझं वय २२, बी.कॉम. झालंय, आम्ही पूर्व भागात राहतो आणि घरी तेलुगू बोलतो. महिनाभरापूर्वी एका प्लेसमेंट कन्सल्टन्सीत लागले. माझं मराठी आपल्या सोलापूरसारखं आहे, काय करायलाव, कुठं जायलाव असं, त्यात मध्ये तेलुगू हेल. ऑफिसातले सीनियर माझे कॉल ऐकून हसतात, नक्कल करतात, म्हणतात कॅन्डिडेटशी शुद्ध बोल. वाईट मनाने नाही करत, पण मला आता कॉल लावायचीच भीती वाटते. त्यांच्यात मिसळायचं कसं? अजून एक, एका कॅन्डिडेटला मी माझ्या नंबरवरून कॉल केला होता, तो आता रात्री मेसेज करतो. हे ऑफिसात सांगितलं तर नोकरी जाईल का?
एक वाचक, अशोक चौक

उत्तर : अगं पोरी, आधी शेवटचं बोलू. उद्या सकाळी गेल्या गेल्या मॅडमना किंवा सरांना सांग, मेसेज दाखव, डिलीट करू नकोस. यात तुझी काहीच चूक नाही. खरं तर चूक ऑफिसची आहे, त्यांनी पहिल्या दिवशीच तुझ्या हातात ऑफिसचं सिम द्यायला पाहिजे होतं. नवीन पोरीचा स्वतःचा नंबर शंभर अनोळखी माणसांकडे जातो याचा विचार कुणी करत नाही, माझ्या ऑफिसात पण सुरुवातीला केला नव्हता आणि एका पोरीला नंबर बदलावा लागला. २०१३ चा कायदा आहे, कामाच्या जागी बायकांच्या छळाविरुद्धचा, त्यात मालकाने कामाची जागा सुरक्षित ठेवायची म्हटलंय, आणि कामामुळे ज्यांच्याशी संबंध येतो अशा बाहेरच्या माणसांपासूनही. दहा किंवा जास्त माणसं असली तर ऑफिसात समिती पाहिजेच, कमी असली तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिथं तक्रार करता येते. बहुतेक वेळा तिथवर जायची गरज पडत नाही, ऑफिसच्या नंबरवरून एक पुरुषी आवाजातला फोन गेला की हे लोक गप्प होतात. पण तुला माहीत असू दे.

आता भाषेचं. मला हे वाचून वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. हे गाव कुणी उभं केलं? सोलापुरी चादर म्हणून जी देशभर जाते ती विणणारे कोण? तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिले, पूर्व भागात घरात माग आणि मागाच्या आवाजात पोरं झोपायची. इथं एका गल्लीत मराठी, दुसरीत कन्नड, तिसरीत तेलुगू आणि चौथीत उर्दू, आणि बाजारात सगळे सगळ्यांचं समजून घेतात. ‘काय करायलाव’ हे चुकीचं मराठी नाही, ते आपलं सोलापूरचं मराठी आहे, पुण्यात हसतात म्हणून इथंही हसायचं का?

तुझ्या सीनियरना एक गोष्ट अजून कळलेली नाही. बिडी वळणाऱ्या बाईच्या पोरीला रिसेप्शनिस्टची नोकरी सांगायला तू फोन लावशील, तर पोरगी हो म्हणेल पण निर्णय आईचा असतो. आई फोन हातात घेते आणि मराठीत तुटक बोलते. त्या क्षणी तू तेलुगूत ‘अम्मा’ म्हणून सुरू केलंस की पलीकडून आवाजच बदलतो. किती वाजता सुटेल, घरी कोण सोडेल, मालक कसा आहे, हे सगळे प्रश्न जे ती मराठीत विचारणारच नव्हती ते धडाधड येतात. आणि प्रश्न आले म्हणजे माणूस येणार. माझ्याकडे तेलुगू बोलणारी एक पोरगी होती, ती रजेवर असली की पूर्व भागातले कॉल मी दुसऱ्या दिवशीवर ढकलायची, एवढा फरक पडायचा.

हसणाऱ्यांना एकदाच सांग, भांडून नको, रडूनही नको. जो सगळ्यात जास्त नक्कल करतो त्याला एकटं गाठ आणि म्हण, ‘तुम्ही हसलात की माझा पुढचा कॉल लावताना हात थांबतो.’ एवढंच. बहुतेक माणसं ओशाळतात. आणि मिसळायचं म्हणतेस तर सगळ्यांना चहा आणून देऊ नकोस, एकदा सुरू केलंस की ते तुझंच काम होऊन बसेल. त्यापेक्षा प्रत्येकाला सवडीने विचार, तुमचं पहिलं क्लोजर, म्हणजे पहिला कामाला लावलेला माणूस, कुठला? या धंद्यात पहिलं क्लोजर कुणीच विसरत नाही. कुणाला लावलं, कुठं लावलं, पगार किती होता, तो माणूस पेढे घेऊन आला होता का. माझं पहिलं म्हणजे एका यंत्रमाग कारखान्यातला हिशेबनीस, विजापूर रोडचा, तो पेढे नाही शेंगाचटणी घेऊन आला होता, घरी कुटलेली, वर्तमानपत्रात बांधलेली, तेल सुटून कागद पारदर्शक झालेला. बघ, मला पण तू विचारलं नसताना सांगावंसं वाटलं.

प्रश्न : मी युनिफॉर्म बनवणाऱ्या एका गारमेंट युनिटमध्ये एचआर बघतो. आमच्या एजन्सीचा जुना माणूस सोडून गेला, चार वर्षांची ओळख होती, एका फोनवर काम व्हायचं. आता नवीन पोरगा आलाय. दिवसातून चार वेळा फोन करतो, सर सर करतो, पण पाठवतो चुकीचे लोक. ओव्हरलॉकवाला, म्हणजे कापडाच्या कडा शिवायच्या मशीनवरचा, मागितला तर साधा टेलर पाठवला. एजन्सी बदलू का?
एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : बदलू नका, आधी त्याला कारखान्यात बोलवा. जुना माणूस एका फोनवर काम करायचा कारण चार वर्षांत त्याने तुमचं फ्लोअर पाहिलं होतं. या पोराने ओव्हरलॉक मशीन डोळ्यांनी पाहिलं तरी आहे का? त्याच्यासाठी टेलर म्हणजे टेलर. त्याला अर्धा दिवस द्या, कटिंग टेबलपासून सुरू करा, सिंगल नीडल, ओव्हरलॉक, काजबटण, धागा कटिंग, चेकिंग, प्रेस, पॅकिंग, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं उभं करा आणि तिथं बसलेल्या बाईशी त्याला बोलू द्या. कुठल्या मशीनवर पीस रेट आहे आणि कुठं महिन्याचा पगार, ते त्याला तिथंच समजू द्या. जून महिन्यात शाळा उघडायच्या आधी तुमच्याकडे किती घाई असते हेही आत्ताच सांगून ठेवा. आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत, विशेषतः अक्षता सोहळ्याच्या दिवशी, इंटरव्ह्यू लावू नको म्हणावं. नवीन पोरं कॅलेंडर बघून तारीख देतात, आणि त्या दिवशी अख्खं गाव सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजांमागे असतं.

मग त्याला ऑफिसात बसवा, कागद पेन द्या आणि म्हणा, समज मी कॅन्डिडेट आहे, १८,००० पगार म्हणतोस तर हातात किती पडतील ते मला समजावून सांग. मी माझ्याकडच्या प्रत्येक नव्या माणसाला हे करायला लावायची. समजा १८,००० मध्ये बेसिक आणि डीए म्हणजे महागाई भत्ता मिळून १५,००० धरला, तर पीएफ १२ टक्क्यांनी १,८०० गेले. पगार २१,००० च्या आत आहे म्हणून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, लागतो, पूर्ण पगारावर ०.७५ टक्के, म्हणजे १३५. पुरुष असेल तर प्रोफेशनल टॅक्स २००. राहिले १५,८६५. बाई असेल तर महाराष्ट्रात २५,००० पर्यंत प्रोफेशनल टॅक्स नाही, म्हणजे तिला १६,०६५.

हिशेब चुकला तर काही नाही, शिकवता येतो. तुम्ही बघायचं ते वेगळं. काही पोरं लगेच म्हणतात ‘सोळा-साडेसोळा पडतील, काळजी नको’. अशा पोराने जॉइन करवलेला माणूस पहिला पगार झाला की भांडतो, कारण त्याने घरी साडेसोळा सांगितलेले असतात आणि त्यातून भाड्याचे, पोराच्या फीचे पैसे वाटून ठेवलेले असतात. आणि काही पोरं म्हणतात ‘सर, मला बेसिक किती ते विचारावं लागेल, मग सांगतो’. हा पोरगा धरून ठेवा. तुमची एजन्सी एका माणसामागे साधारण महिन्याच्या पगाराएवढी फी घेत असेल, वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के असा आपल्याकडचा रिवाज आहे, आणि दोन-तीन महिन्यांत माणूस गेला तर त्याच्या जागी दुसरा फुकट. त्या पोराला वरून टार्गेट असतं म्हणून तो दिवसातून चार फोन करतो, तुम्हाला त्रास द्यायला नाही. त्याला एक वेळ ठरवून द्या, रोज साडेअकरा म्हणा, आणि तेव्हा मात्र फोन उचला.

प्रश्न : आमच्या ऑफिसात नवीन आलेल्या मुलाला सगळे पहिले आडनाव आणि कुठल्या गल्लीतला ते विचारत होते, तो सांगायला टाळत होता. नंतर मी एकटीने विचारलं तर चालेल का?
एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नको. तो टाळतोय म्हणजे त्याला त्या प्रश्नाच्या मागचा प्रश्न ऐकू आलाय, आणि या धंद्यात तर हे अजिबात नको, कारण उद्या एखादा क्लायंट फोनवर ‘अमुक लोक नको पाठवू’ म्हणेल तेव्हा त्या मुलाला कळलं पाहिजे की आपल्या ऑफिसात असल्या गोष्टीला जागा नाही. तुला ओळख करायचीच असेल तर दुपारी डबा उघडताना विचार, कडक भाकरी चालते का? आमच्याकडे लातूरचा एक पोरगा होता, कडक भाकरी असते हेच त्याला माहीत नव्हतं, पहिल्यांदा पापड समजून मोडली.

प्रश्न : ताई, आमच्या एजन्सीतला नवीन मुलगा २० दिवसांत सोडून गेला. न सांगता. शनिवारी होता, सोमवारी नाही. सरांनी ग्रुपमधून काढला आणि विषय संपला. नंतर आम्ही चौघं बोलत बसलो तर लक्षात आलं की त्याच्याबद्दल कुणालाच काही माहीत नाही, तो कुठं राहतो, घरी कोण, काहीच नाही. त्याच्या ड्रॉवरमध्ये एक वही आहे, त्यात त्याने रोजचे कॉल फार नीट लिहिलेत. मला राहून राहून वाटतंय फोन करावा. पण आता काय बोलणार?
एक वाचक, नवी पेठ

उत्तर : करा फोन. जरूर करा. परत ये म्हणायला नको, का गेलास हेही विचारू नका, तो प्रश्न त्याला सरांचाच वाटेल. वहीचं सांगा. तुझी वही राहिलीय, फार छान लिहिलीस, मी वाचली, आणि तू ज्या दोघांचा फॉलोअप लिहून ठेवला होतास त्यांना मी कॉल केला, असं सांगा, आणि तसा कॉल खरंच करून मग सांगा. २० दिवसांचा पगार त्याला मिळाला का तेवढं विचारा. नसेल तर सरांशी तुम्हीच बोला, काम केलंय तेवढ्या दिवसांचे पैसे त्याचे आहेत, न सांगता गेला म्हणून ते बुडत नाहीत. वही न्यायला येतो म्हणाला तर ऑफिसात बोलवू नका, त्याला तिथं पाय ठेवायला जड जाईल. पार्क चौकात भेटा, तिथं संध्याकाळी गर्दी असते, दोन माणसं चहा पीत उभी राहिली तर कुणी बघत नाही.

फोन आज सातनंतर लावा. नवीन नोकरी लागली असेल तर तोवर सुटलेला असेल, लागली नसेल तर घरात सगळे असतात म्हणून तो फोन घेऊन बाहेर येईल आणि दोन मिनिटं बोलेल. नाही उचलला तर वहीच्या एका पानाचा फोटो पाठवा, खाली फक्त ‘जपून ठेवलीय’ एवढं लिहा.